भर दुपारचे दिवे

दशान कामावरून घरी आला तेव्हा भर दुपारी सगळे दिवे लागलेले होते. विजेची शेगडी तापलेली आणि तिच्यासमोरच पंखा गरगरत होता.

"तूच विचार आईंना," बायको करवादली. "मी बंद करते, त्या पुन्हा लावतात. माझ्यावरचा राग विजेवर निघतोय."

"आई, काय चालवलंयस हे?"

म्हातारीनं त्याला जवळ बोलावलं. "आपलं गाव उठवायला साहेब आला होता, आठवतं? धरणाचं पाणी खाली सोडलं की वीज होते, म्हणाला. मग आपण भरपूर जाळली, तर पाणी उतरेलच की! छिंगमिंगच्या सणाला सगळे आपापल्या माणसांच्या कबरी झाडतील. तुझ्या बापाची तेवढी पाण्यातून वर आली, तर आपणही जाऊन झाडून येऊ रे."

बटणाकडे गेलेला बायकोचा हात तिथंच थांबला.

दशान खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. धरण दूर दुसऱ्या प्रांतात राहिलं होतं. या नव्या गावाची सगळी वीज कोळशाच्या वीजकेंद्रात व्हायची, आणि त्याच्या बुटांवर त्याच वीजकेंद्रातली काळी भुकटी होती. आईला दिसू नये म्हणून त्यानं ती हातानंच पुसली.