राखेवरचं रक्त

डॉक्टर काही बोलत नव्हते. त्यांचा छोटा गोल आरसा जयवंताच्या तोंडात फिरत होता. मधूनच दातावर लोखंडाची बारीक टकटक होई. देवळीच्या बाजाराचा कालवा दारावरच्या पडद्यापर्यंत येत होता आणि तिथेच अडत होता. ही शांतता जयवंताच्या ओळखीची होती. तिच्या नवऱ्याच्या, रूपरावाच्या छातीला नागपूरच्या डॉक्टरनं नळी लावली, तेव्हा अशीच शांतता पसरली होती. महिनाभरानं रूपराव गेला.

त्याच्या खाटेखाली राखेनं भरलेलं टमरेल असे. तो खोकायचा, थुंकायचा आणि राख लाल व्हायची. रोज सकाळी ती राख जयवंता परसात पुरून यायची. तो गेला तेव्हा तिला पाचवा महिना होता. सातव्यात, एका सकाळी, ती चुलीतली राख तळहातावर घेऊन दात घासायला बसली. थुंकली, आणि पायाशी राख लाल झाली. तिनं पायानं माती लोटली आणि कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली, जणू मातीखालून कुणी हाक मारणार होतं.

त्या दिवसापासून तिनं दातांना बोट लावलं नाही. लावलं की रक्त दिसे. पण रक्त आपणहून दिसू लागलं. भाकरीच्या तुकड्यावर, उशीच्या कडेला. दवाखान्यात जायचं तिनं मनातही आणलं नाही. त्या रोगाचं नाव ती एकदा ऐकून आली होती. मुलगी झाली. बाराव्या दिवशी तिनं ती जावेच्या, शोभाबाईच्या ओटीत घातली. शोभाबाईचा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता.

"तेच का?" शोभाबाईनं विचारलं.

"हो. तेच."

मग जयवंता गोठ्याशेजारच्या खोलीत राहायला गेली. तिचं ताट वेगळं झालं, जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, एक गिलास वेगळा झाला. ती मरणाची वाट पाहत राहिली. मरण येईना, म्हणून कापूस वेचत राहिली. पलीकडच्या अंगणात तिची नलू रांगली, चालली, शोभाबाईला माय म्हणू लागली. हिला ती मोठी माय म्हणे. जयवंतानं तिच्या गालावरून कधी हात फिरवला नाही.

आज नलूनंच तिला ओढून आणलं होतं. पुढचे दात हलत होते, भाकर चावत नव्हती. नलू आता आठवीत होती. तिला सगळं ठाऊक होतं. मोटारीत, एक जागा मोकळी सोडून बसताना, ती म्हणाली होती, "शाळेतल्या पोट्ट्या चिडवते मले. तुह्या मायनं तुले टाकून देल्लं म्हनते. मी म्हनतो, टाकलं नाई, वाचवलं. तुमच्या मायनं असं काय केलं तुमच्यासाठी, ते सांगा. मंग कशा मुक्या होते साऱ्या!" आणि ती हसली होती. पिशवीतला जर्मनचा गिलास तिनं मांडीवर जपून धरला होता.

डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला. "रक्त कधीपासून येतं?"

"पोट्टी पोटात होती तवापासून. चवदा वर्षं झाले." तिनं डोळे मिटले. "तोच रोग हाय ना?"

"कोणता?"

"पोट्टीच्या बापाचा. छातीचा."

"खोकला येतो? ताप?"

"नाई."

डॉक्टर स्टूल ओढून समोर बसले. "छातीचा रोग घेऊन, औषधावाचून, कुणी चौदा वर्षं कापूस वेचत नाही, बाई. वाटल्यास वर्ध्याला छातीचा फोटो काढून घ्या, मनातली शंका जाईल. हे हिरड्यांचं दुखणं आहे. पोटुशी असताना पुष्कळ बायकांच्या हिरड्या सुजतात, रक्त येतं. तुम्ही भिऊन दात घासायचं सोडलंत. त्यांवर कीट साचली, दगडासारखी झाली. तिनंच हिरड्या खाल्ल्या."

"तवाच आली असती तं?"

"कीट काढली असती. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, नीट घासणं, आणि हे." त्यांनी काळपट बाटलीत कापसाचा बोळा बुडवला आणि तिच्या हिरडीवर हलक्या हातानं फिरवला. "पंधरा दिवसांत थांबलं असतं."

तोंडभर तुरट चव पसरली. चौदा वर्षांत तिच्या चेहऱ्याला माणसाचा हात लागला नव्हता. तो एवढा ऊबदार असतो, हे ती विसरली होती.

"दोन दात जातील," डॉक्टर म्हणाले. "बाकीचे वाचवू. पुढच्या बाजारी या." ती काळपट बाटली त्यांनी तिच्या हातात दिली, तिनं ती कनवटीला खोचली.

बाहेर कडुनिंबाखाली चहाची टपरी होती. नलूनं दोन चहा घेतले होते. एक कपात, स्वतःसाठी. दुसरा बाकाच्या दुसऱ्या टोकाला, जर्मनच्या गिलासात. जयवंता तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मुलीच्या कपाळावर घामानं एक बट चिकटली होती. जयवंताचा हात वर गेला.

"काय म्हने डॉक्टर?"

"दोन दात काढा लागन म्हने."

"अन् रक्त?" नलू उठून उभी राहिली. "तेच हाय ना, मोठी माय? सांग ना वं. नाईतर मले काऊन देल्लं असतं तू?"

जयवंताचा हात तसाच परत आला. तिनं कनवटीतली बाटली चाचपली, ती आणखी आत खोचली. मग तिनं बाकाच्या टोकावरचा आपला वेगळा गिलास उचलला आणि मोटारीच्या थांब्याकडे चालू लागली.