चाचणीपुरतं
डॉक्टर उद्या बाबांचं स्वरयंत्र काढणार होते. "आवाज साठवून काय लोणचं घालायचंय?" म्हणत त्यांनी लेकीला उडवून लावलं होतं. म्हणून पाखरांचे आवाज टिपायला स्वस्त रेकॉर्डर हवाय, अशी थाप मारून तिने त्यांना दुकानात आणलं. घासाघीस हा बाबांचा प्रांत. त्यांनी रेकॉर्डरला जोडायचा महागडा माईक बाजूला सारला, साध्याला वाऱ्याचा आवाज अडवणारी फोमची टोपी चढवली आणि ते रस्त्याकडेला उभे राहिले. "चाचणीपुरतं काहीही बोला, काका," दुकानदार म्हणाला. तिने हेडफोन लावले, श्वासही रोखला. वाहनांच्या गोंगाटातून घोगरा आवाज कानाशी आला, "ठमे, अंधार पडतोय, घरी चल." लहानपणी गल्लीच्या तोंडाशी ते अशीच हाक मारायचे. "स्पष्ट आलं ना? मग पुसतो." दुकानदाराचा अंगठा बटणाकडे गेला. बाबांनीच त्याचा हात धरला. "राहू द्या. त्यासाठीच आणलंय तिनं मला."