जादाचा टाका

कारखान्यात एका परदेशाचे छोटे झेंडे शिवायचं काम आलं, तेव्हा बाकीच्या बायका मशीनवर कडा मारून मोकळ्या व्हायच्या. मावशी मात्र प्रत्येक झेंड्याच्या कोपऱ्यात हाताने फुलीचा एक जादाचा टाका घालायच्या.

"परक्यांच्या झेंड्यावर कसला एवढा जीव पाखडताय?" सुपरवायझर वैतागायचा.

"माझा लेक आहे हो त्या देशात. परत येईपर्यंत तेच सांभाळतायत ना त्याला? मग त्यांचा झेंडा उसवून कसं चालेल?"

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत लेकाचा व्हिडिओ कॉल आला. सुटाबुटात, गर्दीत उभा, चेहरा नुसता फुललेला.

"आई, आत्ताच शपथ घेतली! आता मी कायमचा इथला नागरिक!"

मावशींच्या हातातला घास हातातच राहिला. "म्हणजे... तू परत येणार नाहीस?"

"असं कसं? चार दिवस पाहुणा म्हणून येईन की! बरं, हे बघ, सगळ्यांना दिलाय." त्याने हातातला छोटा झेंडा अगदी कॅमेऱ्याजवळ धरला.



कोपऱ्यातला फुलीचा टाका जराही उसवला नव्हता.