फ्रिजवरची सही

“मिसेस फ्रीसन, ही सही खोटी आहे,” वीणा इंग्रजीत म्हणाली आणि हातातला कागद तिने टेबलावर ठेवला.

चर्चच्या बेसमेंटमध्ये कॉफीचा आणि ओल्या बुटांचा वास होता. एप्रिल अर्धा सरला, तरी कॅनडातल्या सस्काटूनचा बर्फ काही हटायला तयार नव्हता. वर बाकावर तिची आठ वर्षांची मुलगी रुचा बसली होती. पांढरा शर्ट, दोन घट्ट वेण्या. पाच मिनिटांनी तिची तोंडी परीक्षा होती.

मुलांना घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचा हा गट दर गुरुवारी इथे जमायचा. पद्धत जुन्या वळणाची, आधी पाठांतर, मग समज. लॅटिन, शास्त्रवचनं आणि जगाच्या उत्पत्तीपासून आजपर्यंतच्या एकशे साठ घटना, त्याही क्रमाने. वर्षाच्या शेवटी आईने किंवा वडिलांनी सगळं घरी ऐकायचं आणि एकही चूक झाली नाही, तरच कागदावर सही करायची. ती सही असली, तरच गटप्रमुख मिसेस फ्रीसन मुलाला परीक्षेला बसवत. सहीवर कुणी कधी शंका घेत नसे. इथे आई हीच शिक्षिका होती.

रुचा शाळेत जायची, तेव्हा बाईंनी वीणाला बोलावून सांगितलं होतं, मुलगी जरा स्लो आहे. वीणा तिथल्या तिथे उसळली. “माझ्या मुलीला सगळं येतं. तुम्हाला शिकवता येत नाही!” दारात दप्तर घेऊन उभी असलेली रुचा ते ऐकत होती. त्याच आठवड्यात वीणाने तिचं नाव शाळेतून काढलं. नवरा उल्हास पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर, स्वभावाने सावध. तो एवढंच म्हणाला, “एक वर्ष ट्राय कर. परीक्षा पास नाही झाली, तर सप्टेंबरात पुन्हा शाळा.”

वर्ष बरं गेलं. लॅटिन झालं, वचनं झाली. पण घटनांमध्ये रोमच्या पतनापर्यंत रुचा सुरळीत जायची आणि तिथे रोमबरोबर तीही कोसळायची. पुढच्या दहाबारा घटना गायब. सही करण्याची मुदत परीक्षेच्या दोन आठवडे आधीची. त्या दिवशी वीणाने चौदा वेळा ऐकलं आणि रुचा चौदा वेळा अडखळली. शेवटी वीणाने पेन उचललं.

“झालं, बाळा. जा खेळायला.”

“पण मम्मी, आय डिडन्ट से इट.”

वीणा ओट्याकडे वळली.

तिचे वडील नगरला पाळक होते. त्यांच्या घरात खोटं बोलणाऱ्याला जेवणाआधी सगळ्यांसमोर उभं राहून कबुली द्यावी लागायची. वीणाला ते दोन आठवडे घास गोड लागला नाही. कागद फ्रिजवर लावलेला. दूध काढायला जावं, तर स्वतःचीच सही डोळ्यांत खुपायची. रुचाही येताजाता त्या सहीवर बोट फिरवायची. मग वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडायची आणि अर्धा अर्धा तास आत बसायची. पोरगी आत रडत असणार, असं वाटून वीणा दाराशी जायची. दार वाजवायचा धीर व्हायचा नाही, परत फिरायची. वचनं शिकवता शिकवता आपण हिला खोट्यात ओढलं, या विचाराने तिला स्वतःची भयंकर शरम वाटायची.

मिसेस फ्रीसननी चष्मा काढला. “थँक यू, वीणा. हे सांगणं सोपं नव्हतं.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो तिच्या हातात परत दिला. “पण आता मला या वर्षी रुचाला परीक्षेला बसवता येणार नाही.”

जिना चढताना वीणाला हलकं वाटत होतं. उल्हासला काय सांगायचं, ते नंतर बघता येईल. थोडा अभिमानही वाटत होता, नाही कशाला म्हणायचं.

गाडी सुरू करून ती म्हणाली, “रुचा, मी त्यांना खरं सांगितलं. चूक मम्मीची होती. आज परीक्षा नाही. आता घाबरायचं काही कारण नाही.”

नदीवरचा पूल आला, तेव्हा मागच्या सीटवरून रुचाचा बारीक आवाज सुरू झाला. जगाची उत्पत्ती. जलप्रलय. एकामागून एक राजे, लढाया, साम्राज्यं. मग रोम पडलं. पण आवाज थांबला नाही. तो तसाच पुढे गेला, शतकांमागून शतकं, जराही घाई न करता, थेट एकशे साठपर्यंत.

वीणाने गाडी एका ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये घेतली आणि मागे वळून पाहिलं.

“कधी पाठ केलंस हे?”

“वॉशरूममध्ये. एव्हरी डे. नळ सुरू असला की तुला ऐकू जात नाही. सरप्राइज होतं.”

“आपण परत जाऊ. आत्ताच्या आत्ता. मी मिसेस फ्रीसनना सांगते, तुला सगळं येतं म्हणून!”

रुचाने मान हलवली. ती खिडकीबाहेर बघत होती.

“नको, मम्मी. आय थॉट, तू साइन केलंस, कारण तुला माहीत होतं मी पाठ करणार.”