घरावरचा दगड

सौर चुलीचं पॅनल वाऱ्यानं उडू नये, स्लॅबला भोकही पडू नये, म्हणून स्टँडचे पाय दगडांनी दाबायचे, ही इंजिनिअर उज्वलाचीच युक्ती. किल्लारीत सिंधुआजीच्या घरावर पहिला दगड घेऊन ती चढू लागली, तोच आजीनं खालून शिडी गदागदा हलवली. "उतर! घरावर दगड चढू द्यायची न्हाई मी." "आजी, स्लॅब पक्का आहे." "भूकंपात माझी दोन लेकरं दगडाखालीच ऱ्हायली. तवापासून छताखाली निजले न्हाई." अंगणातली बाज उज्वलाला आत्ता दिसली. दगड घेऊन ती उतरली. पुढच्या खेपेला तिनं अंगणातच खांब रोवून त्यावर पॅनल बसवलं. आजीनं खांब दोन्ही हातांनी जीव खाऊन हलवला. पुन्हा हलवला. खांब ढळला नाही. आजीनं बाज पॅनलखाली ओढली आणि डोळे टक्क उघडे ठेवून आडवी झाली.