अवसेची सोयरीक

"अक्का, अवसेला कुणी पोरगी दावतंय का?" तिप्पण्णानं विचारलं.

"मी दावायले की," गंगव्वा म्हणाली. "आपण लिंगायत, बसवण्णाची लेकरं. आपल्याला कुठली आली अवस? अन् तू माझा भाऊ हायस का पंचांग?"

खरं कारण तिप्पण्णालाही ठाऊक होतं. मंठाळच्या वेशीबाहेर सडकेसाठी खडीची खाण निघाली होती, गंगव्वाच्या परसापासून हाकेच्या अंतरावर. रोज सुरुंग, रोज धूळ. भाकरीत कचकच, अंथरुणात कचकच. मजूर अवस पाळायचे, म्हणून महिन्यातला तेवढाच एक दिवस तिच्या अंगणातून आभाळ दिसायचं.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा गंगव्वानं गल्लीभर साखर वाटली होती. मग नव्या सरकारची सडक आली. मुलगा सिद्धप्पा खोकून खोकून गेला, पाठोपाठ सून गेली. तिनं तहसिलीत अर्ज दिले. साहेब म्हणाला, सडक तुमच्याच भल्याची आहे.

"मग तुमच्या आईला आणून ठेवा माझ्या परसात," असं बोलून ती उठून आली होती.

आता उरली होती नात, बसम्मा. तिलाही खोकला लागला होता. हकीम म्हणाला, पोरीची छाती अजून सावरेल, पण तिला या धुळीतून बाहेर काढा. न्हाईतर हिचंही तेच.

अवसेला कमलनगरकडून पाहुणे आले. मुलगा महादेवप्पा आणि त्याची विधवा आई कमलम्मा. गंगव्वानं झाडांची पानंसुद्धा धुऊन घेतली होती. बसम्माच्या गालात लवंग ठेवली होती. तरी भिजवून फोडणीला टाकलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला वाढताना पोरीला ठसका लागलाच. एक, मग दुसरा.

"फोडणीची मिरची," गंगव्वा घाईनं म्हणाली. "नाकात गेली."

"व्हय, जाते की. आमच्याकडं बी जाते," कमलम्मा म्हणाली आणि दुसरीकडं बघू लागली.

खोदून विचारपूस नाही, देण्याघेण्याचा शब्द नाही. कमलम्मा उठताना म्हणाली, "पोरगी पसंत हाय. पुढच्या अवसेला घर बघायला या. आमी बी दिवस पाळत न्हाई."

पाहुणे गेल्यावर गंगव्वा पदर तोंडाला लावून हसली. "काय भोळी बाई हाय! हिच्यापरास गाय हुशार."

"अक्का, खाणीचं सांगायला पायजे होतं. सोयरीक हाय."

"सांग की. मग पोरीला हितंच ठेवू, अन् तिला माती द्यायला तूच ये."



पुढच्या अवसेला ते घर बघायला गेले. घर गावाच्या कडेला, टेकडीच्या आडोशाला होतं. अंगण सारवलेलं, शेवगा हिरवागार. गंगव्वानं सवयीनं भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला नुसता ताजा चुना लागला.

"सण न्हाई न् काय न्हाई, चुना कामून?"

"तुमी येणार म्हणून, अक्का."

"अन् शांत हाय व तुमच्याकडं."

"च्या घ्या," कमलम्मा म्हणाली.

लग्न बसवण्णाच्या कल्याणातल्या मठात झालं. घरी मांडव कसा टाळावा, याचा विचार गंगव्वा करत होती, तोवर कमलम्माच म्हणाली, मठातच बरं.

पाठराखीण म्हणून गंगव्वा स्वतः नातीबरोबर सासरी गेली. गाडी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती.

सकाळी तांबडं फुटताना बसम्मा अंगणात सडा टाकत होती. ओट्यावर बसून गंगव्वानं छाती भरून वारा घेतला. दोन माणसं गेली होती, पण हे एक लेकरू वाचलं. सिद्धप्पाला रीतीप्रमाणं बसवून माती दिली तेव्हा तिनं डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं. ते आता आलं. भोळ्या बाईला आपण फसवलं, हे तिला पहिल्यांदाच बोचायला लागलं.

"कमलम्मा," तिनं हाक मारली, "एक सांगायचं राहिलं बघा."

कमलम्मा लगबगीनं बाहेर आली. तिनं टेकडीकडं एकवार बघितलं, गंगव्वाकडं मात्र बघितलं नाही, आणि नव्या सुनेच्या हातातली बादली काढून घेतली.

"आत चल, बाळ," ती म्हणाली. "सुरुंग उडायची वेळ झाली."