सीलबंद बाटली

आईची माती आटोपून सगळे परतले. मावशी बाबांना म्हणाली, “भाऊजी, किती तापट होती बाई, पण जाता जाता गाय झाली.” “सालभर उलटून बोलली नाही माह्याशी,” बाबा म्हणाले. थायरॉइड वाढला होता तोवर आई सगळ्यांशी भांडायची. उपचारांनंतर तो उलट फारच मंदावला. सडक अर्जुनीच्या रणरणत्या मे महिन्यात ती ब्लँकेट पांघरून बसायची, एकेक शब्द जड जिभेनं बोलायची. डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवला होता. “नाही घेतली तर जिवावर बेतेल,” असं बाबांना समोर बसवून सांगितलं होतं. त्या गोळ्यांची नवी बाटली आज मला बाबांच्या पेटीत सीलबंद सापडली. ती मी त्यांच्यापुढे धरली. “बाबा, तिला ही का दिली नाही?” “कायले देऊ, पोरी?” ते म्हणाले. “मोठ्या मुश्किलीनं घर चूप झालं होतं.” मावशीनं मान डोलावली.